दागिन्यांची गोष्ट आता पुरे!

सणासुदीच्या दिवसांत कोणाशी वैर धरू नये म्हणतात. फराळाचे ताट पुढे असताना वाचकाच्या तोंडात चकलीऐवजी मिरची घालणारा लेखक शहाणा नव्हे, हे मलाही कळते. पण यंदा माझा नाइलाज आहे. मला वैर घ्यायचे आहे, आणि तेही कोणा माणसाशी नव्हे, एका गोष्टीशी. ती गोष्ट तुम्हाआम्हां सर्वांच्या घरात नांदते. पोरासोरांना ती पाठ आहे, ती ऐकताना म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात. अशा लाडक्या गोष्टीवर हात उगारणे म्हणजे धारिष्ट्यच. ते केल्यावाचून मात्र आता मला राहवत नाही.

ती गोष्ट अशी : दादासाहेब फाळके यांनी बायकोचे दागिने विकून भारताचा पहिला चित्रपट काढला.

संपली गोष्ट! एवढ्या एका वाक्यात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा सबंध माणूस आपण कोंबून बसवला आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारलेला हा माणूस पाऊणशे वर्षांच्या आयुष्यात काय शिकला, त्याने काय लिहिले, काय बांधले, काय मोडले, याची चौकशी करायला आपल्याला सवड नाही. आपल्याला पाटल्या दिसतात, बांगड्या दिसतात, सराफाची पेढी दिसते आणि पदराने डोळे पुसणारी साध्वी दिसते. दागिने विकले की गहाण टाकले, याबद्दलही दोन वक्त्यांचे एकमत नसते. पण टाळ्या दोघांनाही सारख्याच पडतात.

पहिला मान फाळक्यांचा की १९१२ साली 'पुंडलिक' आणणाऱ्या दादासाहेब तोरण्यांचा, हा वाद मी येथे काढीत नाही. माझे भांडण 'पहिला' या शब्दाशी नाही, 'दागिने' या शब्दाशी आहे.

आमच्या लोणारात गणेशोत्सवात शाळकरी मुलांची वक्तृत्वस्पर्धा होते. 'थोर भारतीय' हा विषय कधी चुकत नाही, आणि थोर भारतीयांत फाळके कधी चुकत नाहीत. मुले हातवारे करून सांगतात, "सरस्वतीबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता अंगावरचे सोने उतरवले!" येथे आवाज कापला पाहिजे. पुढे अर्धा मिनिट स्तब्धता. मग टाळ्या. मी हे इतक्या बारकाईने सांगू शकतो, कारण ही भाषणे वर्षानुवर्षे मीच लिहून देत आलो. स्तब्धतेची खूणसुद्धा मी कागदावर कंसात घालीत असे. इतकेच कशाला, माझ्या एका कादंबरीतल्या नायकाची बायकोही पंचविसाव्या प्रकरणात मंगळसूत्राखेरीज सर्व काही काढून देते. तेव्हा मी या गोष्टीचा शत्रू झालो तो तिचा जुना चाकर असूनच, हे आधी कबूल केलेले बरे.

माझे डोळे एका विद्यार्थ्याने उघडले. त्याचे नाव सांगत नाही. सातवीत असताना त्याने माझे तेच भाषण करून पहिले बक्षीस मिळवले. पुढे एकोणीस वर्षांचा झाल्यावर त्याला सिनेमा काढायचा ध्यास लागला. वेड वाईट नव्हते, मुलगा हुशार होता, डोळा तयार होता. पण एक दिवस तो आईच्या पाटल्या मोडून मुंबईला गेला. तेथे कोणा एकाने तीन महिन्यांत दिग्दर्शक करून देण्याचा वर्ग काढला होता. पैसे आधी घेतले. दुसऱ्या महिन्यात त्या वर्गाच्या दाराला कुलूप लागले. पावसाळा संपायच्या आत पोरगा परत आला.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने मला दारातच अडवले. "सर, पोट्ट्याले काही बोलू नका. पाटल्या माह्या होत्या, म्या राजीखुशीनं देल्या." माउलीचे ते बोलणे ऐकून मला एकदम माझ्याच भाषणातले वाक्य ऐकू आले, आणि अंगावर काटा उभा राहिला. मुलगा ओसरीवर बसला होता. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग हळूच म्हणाला, "सर, एक इचारू का? फाळक्यांनी दागिने इकले, ते तुम्ही मले शिकवलं. पन इकायच्या आधी ते काय काय शिकले, ते काऊन नाही शिकवलं?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते मलाच ठाऊक नव्हते! शरमेने मी पुस्तके जमवली, मिळतील ती चित्रे पाहिली. जे सापडले ते येथे मांडतो, आणि ते वाचून झाल्यावर दागिन्यांच्या गोष्टीचे वजन किती गुंजा उरते ते तुम्हीच पाहा.

१८८५ साली फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याला कलाभवनात रंगकाम, मूर्तिकाम, छायाचित्रण यांचा अभ्यास केला. वाचून नव्हे, हात काळे करून. छायाचित्राचे ठसे कसे करावेत, ते दगडावर कसे उतरवावेत, तीन रंग एकावर एक बसवून छपाई कशी करावी, हे शिकायला ते पुन्हा गावोगाव फिरले. गोध्र्याला छायाचित्रकाराचे दुकान थाटले. प्लेगने घरातली माणसे नेली, दुकानही उठले. नाटकाचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे प्रयोगही केले. पुराणवस्तुसंशोधन खात्यात नकाशे व छायाचित्रे काढण्याची नोकरी केली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले. मग स्वतःचा छापखाना काढला, त्यासाठी यंत्रे पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडून निघाले.

हिशेब करा. १८८५ ते १९१२ अशी सत्तावीस वर्षे झाली. या सत्तावीस वर्षांत त्यांनी शिकलेला एकही धंदा वाया गेला नाही. पडदे रंगवणारा हात देखाव्याला उपयोगी पडला, ठसे करणारी नजर छायाप्रकाशाला. जादूगाराची चलाखी तर कॅमेऱ्याला जणू मेहुणीच! ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट गिरगावात पाहून 'आपल्या रामकृष्णांची चित्रे पडद्यावर केव्हा हलतील?' असे त्यांच्या मनात आले, हा प्रसंगही आपण चमत्कारासारखा सांगतो. त्या तंबूत शेकडो माणसे बसली होती. त्या सर्वांच्या घरी दागिने असतील. पण त्या दिवशी पडद्यावर येशू पाहताना हे कसे करता येईल याचा आराखडा ज्याच्या डोक्यात उमटू शकत होता, असा माणूस तेथे एकच होता. त्याने नंतर मिळतील ते चित्रपट पाहून पाहून डोळे दुखावून घेतले. वैद्याने उपचार करून चष्मा दिला तेव्हा कोठे नजर ठिकाणावर आली.

१९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. ते पाटल्यांवर नव्हे, विम्याची पॉलिसी गहाण टाकून. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला गाठले. त्या गृहस्थाने आधी 'या फंदात पडू नका' असाच सल्ला दिला. मग या हिंदी माणसाची जिज्ञासा पाहून त्याने त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराकडे नेले. फाळक्यांनी तेथले कामकाज डोळ्यांखालून घातले, विल्यमसनचा कॅमेरा विकत घेतला, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले आणि घरी आले.

आणि आल्यावर काय केले? हरिश्चंद्र? छे! कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याचे थोडे थोडे चित्रण केले. महिनाभर धीर धरला. शेवटी मिनिटभराच्या पडद्यावर बी फुटले, अंकुर निघाला, वेल चढली. धनको मंडळींपुढे या माणसाने नुसते स्वप्न मांडले नाही, त्यांना उगवलेला वेल दाखवला. म्हणून यशवंतराव नाडकर्ण्यांसारख्यांचे हात खिशाकडे गेले. दागिने या सगळ्यात होते, मी नाकारीत नाही. पण दागिने हे या खटाटोपातले सरपण होते. चूल, भांडे, तांदूळ, पाणी आणि रांधणारा हात यांची नावे न घेता केवळ सरपणाची आरती ओवाळणाऱ्याला आपण सुगरण म्हणू काय?

आता त्या माउलीविषयी बोलू, कारण या गोष्टीने सर्वांत मोठा अन्याय केला असेल तर तो सरस्वतीबाई फाळके यांच्यावर. तिच्या अंगावरचे सोने आपल्याला आठवते, तिच्या बोटांतले काम आठवत नाही! परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोके पाडायची कोणी? सरस्वतीबाईंनी. कॅमेऱ्यात फिल्म भरणे, चित्रित झालेली फिल्म रसायनांत धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड फेकणे, ही कामे त्यांनी केली. आणि हे सर्व आटोपून सबंध मंडळीचा स्वयंपाकही केला. स्वयंपाकाचे कौतुक आपण करतो, कारण तो बायकांनी करायचा असतो. फिल्म धुण्याचे कौतुक करीत नाही, कारण ते बायकांनी करायचे असते हे आपल्याला कोणी सांगितले नाही. आज त्या कामाला 'तंत्रज्ञ' म्हणतात आणि त्याचा पगार देतात. दागिने देणारी म्हणून तिला देव्हाऱ्यात बसवले, की कामगार म्हणून तिचे नाव घेण्याची जबाबदारी टळते. ही सोय मोठी गोड आहे. घरोघरच्या लक्ष्मीपूजनात थोडा तिचाही विचार करा.

आणि फाळके लेखक होते, हे तर आपण पार विसरलो. चित्रपटाची कथा त्यांनी योजावी, प्रसंग त्यांनी रचावेत, कोठे अक्षरे दाखवायची ते त्यांनी ठरवावे, दिग्दर्शनही त्यांनीच करावे, असा तो काळ होता. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून सांगतो, मूकपटाची गोष्ट रचणे हे कादंबरीहून अवघड. पात्राला जीभ नाही, आणि समोरच्या प्रेक्षकांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नाही! फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा निवडली ती भाबड्या भक्तीने नव्हे. कीर्तनांतून, आख्यानांतून, नाटकांतून जी कथा आधीच प्रत्येकाच्या कानी पडलेली आहे, ती डोळ्यांनी कळायला अक्षर लागत नाही. हा लेखकाचा निर्णय आहे, हिशेबी आणि अचूक. चित्र सुरू होते तेही युद्धाने किंवा शापाने नव्हे. राजा आपल्या पोराला धनुष्यबाण शिकवतो आहे, राणी जवळ आहे. प्रेक्षकाने आधी घर पाहावे, म्हणजे ते मोडताना त्याच्या पोटात तुटेल. रोहिदास झालेला पोर फाळक्यांचा स्वतःचा भालचंद्र. तारामती करायला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. सिनेमात काम करतो म्हटले तर अब्रू जायची, म्हणून मंडळींनी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत' असे सांगावे, अशी युक्ती निघाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

ज्या हॉलिवूडच्या नावाने आपली तोंडे आजही उघडी पडतात, त्या हॉलिवूडात पहिला मोठ्या लांबीचा चित्रपट म्हणून सेसिल डीमिल यांच्या 'द स्क्वॉ मॅन'चे नाव घेतात. त्याचे काम एका कोठारवजा इमारतीत सुरू झाले ते १९१३ च्या डिसेंबरअखेर. म्हणजे दादरच्या घरात हरिश्चंद्र पुरा होऊन पडद्यावर गेला, त्यानंतर सात-आठ महिन्यांनी! आपल्या मुलांना हे सांगायला आपल्याला वेळ मिळत नाही, कारण दागिने उतरवण्यातच भाषणाची पाच मिनिटे संपतात.

पुढचे काम तर आणखी मोठे आहे. 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींना त्यांनी कॅमेऱ्यापुढे आणले. १९१७ च्या 'लंकादहना'त त्याच अण्णा साळुंक्यांना राम आणि सीता अशी दोन्ही सोंगे दिली! १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्मा'त कंसाचे मुंडके धडावेगळे होऊन वर जाते, तेथे प्रोफेसर केळफाची विद्या कामाला आली. दिवाळीत आपण आगकाडी पेटवतो. या पठ्ठ्याने 'आगकाड्यांची मौज' नावाचे चित्र काढून काड्यांना आपोआप हलायला लावले. आणि १९१९ चे 'कालियामर्दन' पाहा. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्राच्या आरंभी ही चिमुरडी आधी मंदाकिनी म्हणूनच आपल्यापुढे येते. हसते, रुसते, चिडते, तोंडावरचे भाव भराभर पालटून दाखवते. आणि मग पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. जणू फाळके म्हणतात, 'ही माझी पोर आहे, हे सोंग आहे, आता पाहा तुम्ही त्यात कसे हरवता ते.' कारागिरी उघडी करून दाखवूनही मोहिनी घालता येते, असा विश्वास असलेला हा कलावंत होता. त्याने 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाचा एक माहितीपटच काढला. त्यात स्वतः फाळके तालीम घेताना, फिल्म न्याहाळताना दिसतात. 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. लोकांनी आपल्याविषयी काय जाणावे, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि ते होते काम. आपण मात्र सराफाच्या पेढीपुढून हलायला तयार नाही.

येथे कोणी म्हणेल, परदेशात तरी काय वेगळे? तिकडचेच उदाहरण देतो. फाळक्यांच्या मागेपुढे अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ नावाचा दिग्दर्शक होता. कथा लिहून विकणारा, नट म्हणून उमेदवारी केलेला. १९०८ पासून पाच-सहा वर्षांत त्याने चारशेहून अधिक लहान चित्रपट काढले. मग १९१५ साली 'बर्थ ऑफ अ नेशन', १९१६ साली 'इन्टॉलरन्स'. बोलपट आल्यावर तोही मागे पडला. त्याचा शेवटचा चित्रपट १९३१ चा, आणि १९४८ मध्ये तो मेला तेव्हा हॉलिवूड त्याला केव्हाच विसरले होते. म्हणजे कृतघ्नता ही काही आपलीच मिरासदारी नव्हे. पण तिकडे पुढे काय झाले ते पाहा. ग्रिफिथची चित्रे तिकडचे विद्यार्थी तुकडा तुकडा करून तपासतात. कॅमेरा जवळ केव्हा नेला, एका ठिकाणच्या प्रसंगात दुसऱ्या ठिकाणचा प्रसंग कसा विणला, हे शिकतात. आणि त्याच वेळी, 'बर्थ ऑफ अ नेशन'ने काळ्या लोकांची घोर विटंबना केली, त्यांच्यावर जुलूम करणाऱ्या टोळीचा गौरव केला, हेही उघड सांगतात. स्तुतीही कामाची, निंदाही कामाची!

फाळक्यांना आपण हा मान दिला काय? त्यांच्या एखाद्या चित्रातला एखादा प्रसंग फसला आहे, असे म्हणायची सोयच नाही. ज्याच्या बायकोने दागिने दिले त्याच्या कलाकृतीला नावे कशी ठेवायची! असे करता करता तो माणूस टीकेच्या पलीकडे गेला, म्हणजेच अभ्यासाच्याही पलीकडे गेला. वस्तुतः तो मोठा भांडखोर, खर्चिक आणि हट्टी होता. १९१८ मध्ये भागीदारांनी भांडवल घालून नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी केली. त्यांचे आणि फाळक्यांचे पटेना. सगळे टाकून काशीला गेले, तेथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले, मग परत येऊन त्याच कंपनीत कामाला लागले. बोलपटाच्या युगात 'सेतुबंधन' मूक म्हणून काढला आणि मग त्याला आवाज चिकटवावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. कारागीर असून काळाची चाल का ओळखता आली नाही, हे समजून घेतले तर आजच्या पोरांना पाटल्यांपेक्षा अधिक उपयोग होईल. पण पुतळ्याला प्रश्न कोण विचारतो?

मला तर अलीकडे वेगळाच संशय येतो. ही गोष्ट आपल्याला आवडते ती तिच्यात आपली सुटका आहे म्हणून. त्यागाचे कौतुक फुकट असते. कामाचे मोल द्यायचे तर पदरचे खर्चावे लागते. फाळके नाशकात विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ साली निघाला, म्हणजे पंचवीस वर्षांनी. त्यांनी काढलेल्या शंभरच्या आसपास चित्रपटांपैकी बहुतेक सर्व नाहीसे झाले. हाती उरले ते तुकडे. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जे आज दिसते तेही अपुरे, आणि ते १९१३ चे की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेले, यावर अभ्यासकांचा वाद आहे. चित्रे जळाली, गळाली, हरवली. दागिन्यांची गोष्ट तेवढी सुखरूप राहिली, कारण ती जपायला पेटी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. 'कलावंताने उपाशी राहायचेच असते, फाळके नाही का राहिले?' असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि गावातला एखादा पोरगा ते खरे मानून आईच्या पाटल्या मोडतो.

माझे हे बोलणे ऐकून आमच्या गावातले एक वडीलधारे गृहस्थ रागावले. ते म्हणाले, "सर, मुलांना स्फूर्ती लागते. ठसे आणि रसायने सांगून स्फूर्ती येत नसते. अद्भुत काढून घेतले तर उरले काय?"

आक्षेप खोटा नाही. पण लोणारच्या माणसाने तरी तो घेऊ नये. आमच्या गावाला अद्भुताची वाण नाही. येथे विष्णूने लवणासुराला मारले, म्हणून हे खारे तळे झाले, अशी आमची कथा आहे. दैत्यसूदनाच्या देवळात ती कोरलेली आहे, आणि मी ती मुलांना आवडीने सांगतो. पण त्याच मुलांना काठावर नेऊन हेही सांगतो की, आकाशातून आलेला पाषाण या काळ्या खडकावर आदळला आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पडला. २०२० च्या जून महिन्यात या तळ्याचे पाणी गुलाबी झाले. सारा मुलूख लोटला. कोणी शकुन म्हणाले, कोणी अपशकुन. संशोधकांनी पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांनी हा रंग आणला होता. हे कारण मी वर्गात सांगितले, तेव्हा एकाही मुलाचे तोंड उतरले नाही. उलट 'सर, डोळ्यांना न दिसणारे जीव सबंध तळे रंगवतात?' म्हणून त्यांचे डोळे आणखी विस्फारले. कारण कळल्याने अद्भुत मरत नाही, वाढते. आणि आणखी एक सांगतो. उल्का एका क्षणात कोसळते, तिला काही शिकावे लागत नाही. फाळके ही काही आकाशातून पडलेली उल्का नव्हे. सत्तावीस वर्षे जिने चढून आलेला तो माणूस होता. जिने झाकून ठेवून नुसती गच्ची दाखवली, तर पोरे उड्याच मारणार!

म्हणून माझे मागणे अगदी साधे आहे. दागिन्यांचा उल्लेख करूच नका, असे मी म्हणत नाही. करा, पण एका वाक्यात. आणि उरलेली पाच मिनिटे कामाला द्या. सरस्वतीबाईंचे नाव घेताना 'फिल्म धुणारी, भोके पाडणारी' असे म्हणा, 'त्यागमूर्ती' मागाहून म्हणा. सुटीत घरातल्या मुलांना जवळ घेऊन 'कालियामर्दना'तली ती मंदाकिनी दाखवा. आणि एखादा पोरगा म्हणाला की मला सिनेमा काढायचा आहे, तर सराफाचा पत्ता न सांगता त्याला विचारा, 'तुझा वाटाणा कोठे आहे?'

यंदाच्या स्पर्धेत मी सहावीतल्या एका मुलीला नवे भाषण लिहून दिले. त्यात कोठेही स्तब्धता नव्हती. तिने ठसे सांगितले, जादूगार सांगितला, कुंडी सांगितली. बक्षीस मिळाले नाही. 'माहिती चांगली, पण भाव कमी पडला,' असा परीक्षकांचा शेरा आला. मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर्गाच्या खिडकीत एक फुटका डबा आणून ठेवला, माती भरली आणि चार वाटाणे पेरले.

तो माझा विद्यार्थी सध्या मेहकर-लोणार भागात लग्नांचे चित्रण करतो. काम चोख आहे; प्रकाशाची समज तर अशी, की हळदीच्या मांडवातही नवरीच्या तोंडावर सावली पडू देत नाही. आईच्या पाटल्यांपैकी एक त्याने परत केली आहे. डब्याची बातमी त्याला कोणी सांगितली ठाऊक नाही. पण तो आता रोज सकाळी शाळा भरायच्या आधी येतो, तिपाई ठेवण्यासाठी फरशीवर खडूने केलेल्या खुणांवर ती बसवतो, एकच चित्र घेतो आणि निघून जातो. मुले दम धरून पाहत असतात. हे लिहीत आहे त्या दिवशी अंकुर दोन बोटे वर आला आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळेला सुटी लागलेली असेल. डब्याला पाणी घालायला शाळेची किल्ली कोणाकडे ठेवावी, एवढाच काय तो प्रश्न सध्या आमच्यापुढे आहे.